ऐकणाऱ्याची कसोटी

१९७९ सालच्या सप्टेंबर महिन्यात चार कायदेपंडितांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे तिघे दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवीत होते; चौथ्या वसुधा धागमवार ह्या पुण्याच्या. सरन्यायाधीशपदावर त्या वेळी यशवंत विष्णु चंद्रचूड होते. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांतही महाराष्ट्र होता आणि ते ज्यांच्या हाती पडावयाचे तेथेही. आणि ज्या मुलीविषयी ते लिहिले गेले, ती तर विदर्भाच्या पूर्व टोकाची. न्यायालयाच्या निकालाची अध्यापकाने वर्गात चिकित्सा करावी, फार तर एखाद्या नियतकालिकात लेख लिहावा, अशी विद्यापीठांची जुनी रीत. ह्या चौघांनी ती रीत ओलांडली आणि देशाच्या सर्वोच्च न्यायासनालाच विचारले की, एका मुलीने जे सांगितले ते आपण ऐकले तरी कसे?

घटना १९७२ सालची. २६ मार्चच्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणण्यात आले. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपलेले, भावाच्या आधाराने राहून मोलमजुरी करणारी ही पोर. तिला एका तरुणाशी लग्न करावयाचे होते. भावाला ते पसंत नव्हते, म्हणून त्यानेच तक्रार दिली होती. जबाब झाले. रात्रीचे साडेदहा वाजून गेले. बाकीच्यांना जावयास सांगून तिला तेवढी थांबविण्यात आली. ठाण्याचे दार लागले, दिवे मालवले गेले. ती बाहेर आली तेव्हा थांबलेल्या आप्तांना आणि जमलेल्या लोकांना तिने आत काय घडले ते सांगितले. लोक खवळले, जागचे हालेनात, तेव्हा कोठे तिची फिर्याद लिहून घेण्यात आली. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते.

कायद्याच्या अहवालात ह्या खटल्याचे शीर्षक 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असे आहे. लोकांनी मात्र तो आरोपीच्या नावाने ओळखला नाही. मुलीच्याच नावाने ओळखला. ते नाव येथे घेण्याचे कारण नाही.

१९७४ च्या जूनमध्ये सत्र न्यायालयाने दोघा आरोपी पोलिसांना सोडून दिले. मुलीला पूर्वी शरीरसंबंधाचा अनुभव होता, तिचे बोलणे विश्वासार्ह नव्हते, आणि आपल्या माणसांपुढे आपले शील राखावे म्हणून तिने बळजबरीची कथा रचली असावी, असा त्या न्यायालयाचा तर्क होता. हा तर्क नीट न्याहाळण्यासारखा आहे. तिने बाहेर येताक्षणी सांगितले ही गोष्ट एरवी तिच्या बाजूची ठरावयाची. येथे तिचे सांगणे हाच तिच्या खोटेपणाचा पुरावा झाला! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ च्या ऑक्टोबरात हा निकाल फिरविला. भयापोटी निमूटपणे सोसणे वेगळे आणि संमती वेगळी, असे त्या खंडपीठाने सांगितले आणि दोघांना शिक्षा दिल्या. पुढे १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. अंगावर जखमा नव्हत्या. पोलिसाने हात धरला तेव्हा जवळच असलेल्या माणसांना तिने हाक मारली नव्हती. तेव्हा तिने प्रतिकार केल्याची हकिकत खरी नव्हे, असे त्या निकालाचे म्हणणे पडले.

चौघांचे पत्र बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने निघाले. त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, गणवेशातील माणसापुढे एका अनाथ मजूर मुलीने आरडाओरडा करावा तरी कसा? संमतीत शरण जाणे येत असेल. पण शरण जाण्यात संमती असतेच काय? स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यावर बोलावणे गैर आहे, असे त्याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणी काही महिन्यांपूर्वीच सांगितले असता, ह्या मुलीला ठाण्यावर आणल्याबद्दल निकालात एकही शब्द का नसावा? निकाल बदलला नाही. परंतु पत्र वर्तमानपत्रांतून व सभांतून गाजले, मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत १९८० च्या प्रारंभी स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली फौजदारी कायदा दुरुस्त झाला. कोठडीत, रुग्णालयात किंवा अशाच दुसऱ्याच्या ताब्यात असताना झालेल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा प्रसंगी संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरून चालावे, असे ठरले. आणि पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा झाला.

न्यायालयांच्या ह्या संशयाचे मूळ बरेच जुने आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडचे सरन्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांनी आपल्या ग्रंथात बलात्काराच्या फिर्यादीविषयी न्यायाधीशांना सावध केले होते. हा आरोप करणे सोपे आणि निरपराध्याला त्याचा प्रतिवाद करणे कठीण, असे त्यांचे मत. बाईने लगेच सांगितले काय, जेथे कोणी ऐकू शकेल अशा जागी ती ओरडली काय, तिची चालचलणूक कशी, ह्या कसोट्या त्यांनी घालून दिल्या. हेल १६७६ साली वारले. ग्रंथ छापला गेला १७३६ साली. आणि त्याची सावली १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यापर्यंत पोचली. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सामान्यतः दुराचारी आहे असे दाखवून तिची साक्ष पाडता येईल, असे एक कलम त्यात होते. ते काढून टाकावयास २००२ साल उजाडावे लागले. ह्या सगळ्या कसोट्या एकाच दिशेने चालतात. सांगणारीने काय केले, केव्हा केले, कसे केले, हेच त्यांना पाहावयाचे असते. ज्याच्या कानी तिचे बोलणे प्रथम पडले त्याने काय केले, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते.

तो विचारला गेला निराळ्याच ठिकाणी, आणि योगायोग असा की त्याच १९७२ साली. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजात शिकविणाऱ्या दोन बायका, परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका ॲन बर्जेस आणि समाजशास्त्राच्या अध्यापिका लिंडा होल्मस्ट्रॉम, यांनी शहराच्या सार्वजनिक रुग्णालयाला सांगून ठेवले की, बलात्काराची तक्रार घेऊन कोणी आले तर वेळ कोणतीही असो, आम्हांला कळवावे. वर्षभर त्या अशा हाका येताच जात राहिल्या आणि १४६ जणांशी बोलल्या. १९७४ साली त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुष्कळजणी रडत, थरथरत, संतापत. पण जवळजवळ तितक्याच जणी शांत बसून राहत, बेताचे बोलत, क्वचित हसतही. मनावर घाला पडला म्हणजे माणूस ओरडतोच असे नाही. कित्येकदा तो जागच्या जागी गोठतो. पुढे अनेक संशोधकांनी ह्या गोठण्याचा अभ्यास केला आहे. देसाईगंजच्या मुलीने हाक का मारली नाही, ह्याचे उत्तर एका अर्थाने बॉस्टनमध्ये लिहिले जात होते. ते आमच्या न्यायालयापर्यंत पोचले नव्हते इतकेच. बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम यांच्या कामाचे आणखी एक मोल आहे. त्या तपास करावयास जात नव्हत्या. त्या जवळ बसत, ऐकत, आणि नंतरही चौकशी करीत राहत.

आमच्याकडे वैद्यकीय तपासणीची रीत सुधारण्यातही एका अध्यापकाचा हात लागला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत न्यायवैद्यक शिकविणारे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली ह्या तपासण्यांच्या दुर्दशेवर एक सविस्तर अहवाल लिहिला आणि प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला, म्हणजे ज्या पीठाने १९७६ साली त्या मुलीवर विश्वास ठेवला होता त्याच पीठापुढे. 'दोन बोटांची तपासणी' म्हणून जो अपमानास्पद प्रकार चाले, ज्याच्या आधारे देसाईगंजच्या मुलीची 'सवय' ठरविली गेली होती, तो स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली नवी कार्यपद्धती घालून दिली आणि तीत ह्या प्रकाराला थारा ठेवला नाही. तरीही तो पुरता थांबला नाही. म्हणून २०२२ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

विद्यापीठांचे स्वतःचे अंगण मात्र ह्या सर्व काळात बरेचसे आंधळे राहिले. सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिणारे अध्यापक ज्या विद्यापीठांत शिकवीत होते, त्यांच्या वसतिगृहांत एखाद्या मुलीने अत्याचार झाल्याचे सांगितले तर तिने कोणाकडे जावे, हे कोठेही लिहून ठेवलेले नव्हते. रेक्टर वेळेचे नियम कडक करी, प्राचार्य वडिलांना बोलावून घेत, आणि मुलगी सामान बांधून गावी परते. शिस्तीच्या नावाखाली शिक्षा बहुधा सांगणारीलाच होई. हे चित्र बदलावयास प्रारंभ झाला तो राजस्थानातील एका खेड्यातून. बालविवाह थांबवावयास गेलेल्या एका 'साथिन' कार्यकर्तीवर १९९२ साली अत्याचार झाला. त्या प्रकरणातून निघालेल्या 'विशाखा' याचिकेचा निकाल १३ ऑगस्ट १९९७ रोजी लागला. न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्याबरोबर त्या पीठावर मुंबईच्या सुजाता मनोहर होत्या. कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, तिची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात आणि एक व्यक्ती बाहेरची असावी, असे त्या निकालाने बांधून दिले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ साली अशी समिती स्थापिली आणि तिच्यात विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसविले. २०१७ साली ती जाऊन तिच्या जागी नव्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आली. निवडून आलेल्या समितीवर विद्यार्थ्यांचा जो भरवसा बसतो तो नेमलेल्या समितीवर बसत नाही, अशी तक्रार तेव्हा झाली. ती निराधार म्हणता येणार नाही.

२०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत एका विद्यार्थिनीवर झालेल्या अत्याचारानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्याच न्यायमूर्ती वर्मांकडे आले आणि अवघ्या एका महिन्यात त्यांनी अहवाल दिला. २०१३ च्या दुरुस्तीत संमतीची व्याख्या आली. शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने व्यक्त झालेला स्वखुशीचा स्पष्ट होकार म्हणजे संमती. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती होती असे मानता येणार नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या निकालाला कायद्याने दिलेले हे उत्तर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ सालचे विनियम केले. त्यांत विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तर समितीवर निवडलेले तीन विद्यार्थी असावेत, तक्रार लिहून देणे जमत नसेल तर संस्थेने ती लिहावयास मदत करावी, पोलिसांकडे जावयाचे असेल तर साह्य द्यावे, असे सांगितले आहे. अशा अत्याचाराला मुख्यतः विद्यार्थिनी बळी पडत असल्या तरी काही विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थीही बळी पडतात, हेही त्यांत मान्य केले आहे.

परंतु समितीचे दार वाजविण्यापूर्वी मुलगी बहुधा दुसऱ्याच कोणाशी तरी बोललेली असते. ती बोलते प्रयोगशाळेतील साहाय्यकाशी, ग्रंथालयातील बाईंशी, क्रीडाशिक्षकाशी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील एखाद्या अध्यापिकेशी. कित्येकदा ती गैरहजेरीचे कारण सांगावयास कार्यालयात आलेली असते आणि कारण सांगता सांगता थांबते. समोरचा कारकून तिला किती मिनिटे देतो, ह्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. तिला एकांतात, पण कोंडल्यासारखे वाटणार नाही अशा जागी बसावयास सांगणे, दार तिच्या इच्छेने उघडे वा बंद ठेवणे, आणि ती बोलते आहे तोवर न बोलणे, एवढे कोणत्याही कर्मचाऱ्याला करता येते. तू तेथे गेलीसच का, एवढ्या रात्री का, आधी का नाही सांगितलेस, हे तिन्ही प्रश्न हेल यांच्या ग्रंथातूनच आलेले आहेत, जरी ते विचारणाऱ्याने त्यांचे नावही ऐकलेले नसले. खरेखोटे ठरविणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी समिती आहे, पोलीस आहेत, न्यायालय आहे, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपली बाजू तेथेच मांडता येते. प्रथम ऐकणाराने तिला तपशील उगाळावयास लावला नाही, तर तिला तीच कथा दहा ठिकाणी सांगण्याच्या यातनेतून एकदा तरी सूट मिळते.

गुप्ततेचा प्रश्न नाजूक आहे. त्याची जाण महाराष्ट्राला नवी नाही. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले तेव्हा विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, असे त्यांनी जाहीर केले होते. आधी आसरा, मग बाकीच्या गोष्टी, असा तो क्रम होता. आजच्या कर्मचाऱ्याने मात्र, कोणालाही सांगणार नाही असे वचन ऐकून घेण्यापूर्वी देऊन बसू नये. सांगणारी अठरा वर्षांच्या आतली असेल तर २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याने पोलिसांना वा विशेष बालपथकाला कळविणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि न कळविणे हा गुन्हा आहे. आमच्या पुष्कळ महाविद्यालयांना अकरावी-बारावी जोडलेली असल्यामुळे हा प्रसंग विरळा नाही. तेव्हा ही मर्यादा तिला प्रथमच, मृदू शब्दांत सांगावी. ती सज्ञान असेल तर पोलिसांकडे जावयाचे की नाही, समितीकडे जावयाचे की नाही, घरी कळवावयाचे की नाही, हे तिने ठरवावयाचे असते. तिच्या पश्चात वडिलांना फोन करणारा प्राचार्य सद्हेतूनेच तो करीत असेल. पण ज्या मुलीच्या इच्छेविरुद्ध एकदा सारे घडले, तिच्या इच्छेविरुद्ध ती आणखी एक गोष्ट घडवितो.

काळाचे बंधन मात्र तिला स्पष्ट सांगावयास हवे, कारण ते सहसा तिला ठाऊक नसते. गर्भधारणा टाळण्याचे आणि एड्सच्या विषाणूची बाधा टाळण्याचे औषध बहात्तर तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, घ्यावे लागते. शरीरावरील पुरावा शहाण्णव तासांपर्यंत गोळा करता येतो. अंघोळ केली, कपडे धुतले, तरी जाण्यात अर्थ उरतो. कपडे कागदी पिशवीत तसेच ठेवावेत. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने प्रथमोपचार विनामूल्य केले पाहिजेत, असा २०१३ पासूनचा कायदा आहे. पोलिसांत फिर्याद नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. रुग्णालय पोलिसांना वर्दी देते. तरी फिर्याद द्यावयाची नसेल तर तिला तसे लिहून देता येते. फिर्याद द्यावयाची ठरली तर हद्द कोणाची हे न पाहता कोणत्याही ठाण्याने ती नोंदवून घेतली पाहिजे, आणि तिचा जबाब स्त्री अधिकाऱ्याने घेतला पाहिजे. विद्यापीठाच्या समितीकडे तक्रार करण्याची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असून, कारण दाखविल्यास आणखी तीन महिने वाढवून मिळते. हे सगळे एका दमात सांगण्यासारखे नाही. रुग्णालयाची गोष्ट आज, समितीची उद्या, असे विभागून सांगणारा माणूस अधिक उपयोगी पडतो, आणि बरोबर रुग्णालयात येणारा त्याहूनही.

नोंद ठेवावयाची झाल्यास तिच्याच शब्दांत, तारीखवार, थोडक्यात ठेवावी. त्यांत आपले निष्कर्ष मिसळू नयेत, आणि ती कार्यालयाच्या सामान्य फायलीत लावू नये. ज्याच्यावर आरोप आहे त्याला परस्पर जाब विचारावयास जाणारे शूर सहकारीही असतात. त्यांच्यामुळे पुरावा बिघडतो आणि मुलीचा धोका वाढतो. दोघांना समोरासमोर बसवून मिटवामिटव करणारे त्याहून अधिक आढळतात.

बहुतेक ठिकाणी मदत संपते ती तक्रार दिल्याच्या दिवशी. देसाईगंजचा खटला सहा वर्षे चालला; आजही चौकशीला विनियमांप्रमाणे नव्वद दिवस लागू शकतात, आणि फौजदारी खटल्याला कित्येक पट अधिक. ह्या मधल्या दिवसांत तिला तासाला बसावयाचे असते, त्याच बसने यावयाचे असते, कदाचित त्याच माणसाच्या हाती असलेली तोंडी परीक्षा द्यावयाची असते. समितीच्या शिफारशीवरून तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, आरोपीला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते, दोघांपैकी एकाची तुकडी वा विभाग बदलता येतो. परंतु ह्यातील बहुतेक गोष्टी लेखी मागाव्या लागतात, आणि मागण्याचे त्राण तिला त्या दिवसांत नसते. तेव्हा अर्ज टाइप करून देणारा कारकून, उपस्थितीच्या तक्त्यात तिची रजा नीट मांडणारा विभागातील मदतनीस, आणि महिन्याभराने जिन्यात गाठ पडली असता इतरांदेखत काही न विचारता, सवडीने येऊन जा म्हणणाऱ्या बाई, एवढ्यांवर तिचे ते सत्र उभे असते.